मावशी, मी कुणाला सांभाळायच्या लायकीचा आहे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतेय. पहिलं पत्र वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, त्यामुळे त्याचं उत्तर लांबलंय.

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. मी ३१ वर्षांचा, नोकरी खराडीला, राहायला वडगाव शेरीत. घरचे सगळे पिढीजात ख्रिस्ती, पण मी स्वतः मनापासून प्रभूच्या मागे चालायला लागलो त्याला चारच वर्षं झालीत. दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी तरुण संघातली चार मुलं माझ्याकडे दिली, म्हणाले यांच्याकडे लक्ष ठेव, यांना विश्वासात वाढव. मी हो म्हणून बसलो. त्यातला एकजण सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो, गाव जालन्याकडे, त्याची प्रिलिम तिसऱ्यांदा गेली. रात्री एक वाजता त्याचा मेसेज आला, दादा देव माझं ऐकतच नाही. मी झोपेत होतो, काय लिहावं सुचेना, एक वचन फॉरवर्ड केलं आणि खाली हात जोडल्याची खूण टाकली. त्यानंतर तीन रविवार झाले तो उपासनेला आलेला नाही, फोनही उचलत नाही. मावशी, माझाच राग मला आवरत नाही, ऑफिसच्या गडबडीत चार चार दिवस प्रार्थना होत नाही. स्वतः नीट चालता येत नाही तो दुसऱ्याला काय चालवणार. साहेबांना सांगून ही जबाबदारी परत करावी असं वाटतंय. — वडगाव शेरीचा एक वाचक

उत्तर : बाळा, जय ख्रिस्त. तू जे केलंस तेच मी केलंय, आणि तेही फोनवर नाही, समोर बसून, म्हणून आधी ते सांगते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नर्सिंग करून नुकतीच नोकरीला लागलेले आणि संडे स्कूलची टीचर, म्हणजे वचनं सगळी तोंडपाठ. घोरपडीत आमच्या मंडळीतल्या एका घरी सात महिन्यांचं बाळ न्यूमोनियाने गेलं. मातीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि महिला संघातल्या एक आजी असं आम्ही दोघी भेटायला गेलो. मी बसले, बायबल उघडलं आणि रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायातलं ते वचन वाचलं, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. वाचून झालं तर ती आई उठली आणि काही न बोलता आत स्वयंपाकघरात गेली, परत आलीच नाही. मी बाहेरच्या खोलीत मांडीवर बायबल घेऊन तशीच बसलेले. आजी उठल्या, आत गेल्या. कुणीतरी आणून दिलेली मेथीची जुडी ओट्यावर पडली होती, ती घेऊन त्या तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि निवडायला लागल्या. दोघीही गप्प. मेथी संपली तर आजींनी कोथिंबीर ओढली. बऱ्याच वेळाने ती बाई म्हणाली, "आदल्या रात्री मी त्याला टोपी घातली नव्हती." आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हं." बस, एवढंच. मग ती रडली, दोन दिवसांत पहिल्यांदा रडली असं नंतर तिच्या सासूने सांगितलं.

वचन खोटं नव्हतं रे. पण मी ते तिच्यासाठी वाचलंच नव्हतं, मला त्या खोलीतली शांतता सहन होत नव्हती म्हणून वाचलं. रात्री एक वाजता तुझंही तेच झालं असणार. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं, चुकले ते तोंड उघडल्यावर.

आता लायकीचं. योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय काढ आणि सावकाश वाच. रात्रभर जाळी टाकून प्रभूचा शिष्य पेत्र याच्या हाती काही लागलेलं नाही, सकाळी प्रभू काठावर उभा आहे आणि त्याने कोळशाचा विस्तव पेटवून वर मासे ठेवलेत, भाकर आहे. नव्या करारात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एक हा, आणि दुसरा महायाजकाच्या अंगणातला, जिथं प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकत उभं राहून पेत्राने मी त्याचा शिष्य नव्हे म्हणून सांगितलं. तोच वास आला असेल ना त्याच्या नाकात. पण प्रभू तो विषय लगेच काढत नाही, आधी म्हणतो या, न्याहारी करा. पोटात गेल्यावर मग तीनदा विचारतो, आणि काय विचारतो बघ. तुझा राग आवरला का, प्रार्थना रोज होते का, यापुढे पडणार नाहीस याची गॅरंटी देतोस का, यातलं काहीच नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, इतकंच. आणि प्रत्येक उत्तराला काम दिलं, कोकरे चार, मेंढरे पाळ, मेंढरे चार.

आणि ते सगळं झाल्यावर प्रभू त्याला काय म्हणाला? माझ्यामागे ये. गालील समुद्राच्या काठी जाळं टाकत होता तेव्हा जे ऐकलं होतं तेच, मध्ये तीन वर्षं गेली आणि शब्द तोच. त्यामुळे मागे चालणं ही पहिलीची इयत्ता आणि मेंढरं सांभाळणं ही दहावीची, असं जे तुझ्या डोक्यात बसलंय ते काढून टाक. पेत्र शेवटपर्यंत मागेच चालत होता, फक्त आता त्याच्याबरोबर आणखी चार जण होते. आणि नंतर तो चुकलाच नाही असंही नाही, अंत्युखियात यहूद्यांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला तेव्हा पौलाला तोंडावर बोलावं लागलं, गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा तुला राग येतो म्हणून मुलं परत करू नकोस, मुलांना सांग की मला राग येतो, माझ्यासाठीही प्रार्थना करा. आणि असा एक माणूस धर जो तुला तोंडावर बोलेल, पाळकसाहेब असतील तर उत्तमच.

आपल्या मराठीत हे दोन शब्द किती चांगले आलेत बघ, चार आणि पाळ. पाळक हा शब्द त्या पाळ मधलाच. आणि चारणं म्हणजे तोंडात घास कोंबणं नव्हे, गुरं चारणारा जिथं हिरवं आहे तिथं नेऊन सोडतो, खायचं त्यांनीच असतं.

हे मला कळलं ते सासवडच्या रस्त्यावर. दिवाळीनंतर तिकडे गेलास तर दिसेल, शेतात धनगरांची मेंढरं बसवलेली असतात, शेतकरी खतासाठी बसवून घेतात. एकदा आमची गाडी पंक्चर झाली आणि आम्ही तासभर एका वाड्याजवळ, म्हणजे धनगरांच्या मुक्कामापाशी, थांबलो. लहान कोकरं दिवसभर वाड्यावरच ठेवतात, वाघर म्हणजे जाळी लावून, आणि मेंढ्या चरून संध्याकाळी परत येतात. जाळी उचलली आणि जो काही गलका झाला, शंभरेक कोकरं एकदम ओरडत सुटली आणि प्रत्येकाने आपापली आई बरोबर शोधली. एकच राहिलं. त्याची आई त्याला जवळ येऊ देईना, लाथा मारत होती. धनगराची बायको गेली, मेंढीची मान मांड्यांत धरली, कोकराचं तोंड हाताने आचळाला लावलं आणि तशीच वाकून उभी राहिली. कोकराची शेपटी हलायला लागली तरी तिने सोडलं नाही, त्याचं पोट भरेपर्यंत उभी. दूध तिचं नव्हतं. तिचं काम तोंड लावून देणं आणि धरून उभं राहणं.

तुला जी भीती वाटतेय ना, की माझ्याकडे द्यायला काय आहे, त्याचं उत्तर त्या बाईकडे आहे. तुझ्याकडून दूध कुणी मागितलेलंच नाही.

आता त्या मुलाचं. मेसेज करू नकोस, तो उचलत नाही तर फोनही नको. सदाशिव पेठेत जा, मेसच्या वेळेला. ही मुलं अभ्यासिकेत भेटत नाहीत, तिथं बोलताही येत नाही, पण जेवायला खाली उतरतात. जेव त्याच्याबरोबर. त्या रात्रीबद्दल सरळ सॉरी म्हण, मला सुचलं नाही म्हणून फॉरवर्ड केलं म्हण. मग त्याला दोनच गोष्टी विचार, घरी सांगितलंस का, आणि झोप लागते का. या दोन प्रश्नांमागे बरंच असतं. तिसऱ्यांदा प्रिलिम गेलेला मुलगा गावी फोन करून अभ्यास चालू आहे म्हणून सांगत असतो, आणि वडील तिकडे पैसे पाठवत असतात, देव ऐकत नाही याचा अर्थ पुष्कळदा मी बाबांना काय सांगू हा असतो. घरी फोन लावताना तू शेजारी बसलास तरी पुष्कळ झालं.

आणि नर्स म्हणून एक सांगते, हे नीट लक्षात ठेव. त्याच्या तोंडून जगून काय करू, सगळे सुटतील माझ्यापासून, असं काही निघालं तर ते विश्वासाची कमतरता म्हणून ऐकू नकोस. सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो असं लोकांना वाटतं, तसं नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, रूममेटला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन जायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अगदीच इमर्जन्सी असेल तर ११२. प्रार्थना करायचीच, गाडीत बसून दवाखान्यात जाता जाता करायची.

प्रश्न : मावशी, सलाम. मी पिंपरीची, आठवी शिकलेली. आमच्या महिला संघात शेजारची एक नवीन सून यायला लागली आहे, ती लग्न होऊन आपल्यात आली, तिला काहीच माहीत नाही. संघाच्या बाया म्हणतात तुझ्या शेजारी राहते तर तूच शिकव तिला. मला चारचौघींत धड प्रार्थना येत नाही. ज्यांनी सेमिनरी केली त्यांनी शिकवावं ना? — पिंपरीच्या एक ताई

उत्तर : ताई, सलाम. सेमिनरीतल्या लोकांचं काम आहेच, आपल्या पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला कॅथलिकांची पेपल सेमिनरी आहे, शिकलेली माणसं मंडळीला लागतात आणि त्यांचा मान राखायचाच. पण पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याला विश्वास कुठून मिळाला ते पौल त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो, आजी लोईस आणि आई युनीके. त्या काय शिकलेल्या होत्या याबद्दल पौल एक अक्षर लिहीत नाही.

आणि तुमच्यासारख्या बायांसाठीच तर पंडिता रमाबाईंनी एवढा खटाटोप केला. इथून दौंडच्या वाटेवर केडगाव, तिथं मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. छापण्याचं कामही तिथल्याच बायांनी केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, शेवटपर्यंत हेच काम चालू होतं. आणि त्याच रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहून ठेवलंय की १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटला तो काही वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं, १८९० मध्ये ते मुंबईहून पुण्यात आणलं होतं. म्हणजे बाई दुसऱ्यांना सांभाळत होत्या आणि त्यांची स्वतःची वाढही चालूच होती. हे वाचलं की मला फार धीर येतो.

तुम्ही एवढंच करा. २३ वं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, त्यात सहाच वचनं आहेत. तिला दुपारी चहाला बोलवा, एका दिवशी एकच वचन दोघींनी मोठ्याने वाचायचं, ती वाचेल मग तुम्ही वाचा. मग तिला विचारा आज काय कठीण गेलं, आणि तिने जे सांगितलं तेच देवाला सांगायचं, जसं तुम्ही मला पत्रात लिहिलंत तशा भाषेत. देवा, हिला सासरची भाजी जमत नाही आणि माहेरची आठवण येते, हिच्याजवळ राहा, आमेन. झाली प्रार्थना. सहा दिवसांनी ती स्वतः करायला लागेल आणि तुम्हीही.

फक्त एक काळजी घ्या, आणि हे मी सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते. ती सासूबद्दल, नवऱ्याबद्दल तुमच्याजवळ जे बोलेल ते महिला संघात प्रार्थनेचा विषय म्हणून मांडायचं नाही. आपल्याकडे हे फार होतं. प्रार्थनेसाठी म्हणून सांगतेय हं, असं म्हणून एकीचं घर चार घरांत पोचतं आणि पुढच्या रविवारी ती बाई मागच्या बाकावर बसते आणि मग यायचीच बंद होते. तिला विचारल्याशिवाय कुणालाही नाही, तुमच्या मिस्टरांनाही नाही. एकच अपवाद, कुणी तिला मारहाण करत असेल, जिवाला धोका असेल तर. तेव्हा गप्प बसायचं नाही, महिलांसाठी १८१ नंबर आहे, आणि सहन कर, प्रभूनेही सहन केलं, असं तिला चुकूनही म्हणू नका.

प्रश्न : ताई, मी कॅम्पातल्या एका मंडळीचा वडील, म्हणजे चर्चमधला एल्डर, वय ५८. पंधरा वर्षं आजारी, अडचणीतले, भांडणं झालेली घरं, सगळीकडे मीच जातो. रात्री फोन आला तरी जातो. बायको म्हणते तुम्ही सगळ्यांचे आहात, घरचेच नाही. हल्ली असं झालंय की वचन वाचायला बसलो तरी हे कुणाला सांगता येईल हाच विचार येतो, माझ्यासाठी काही उरतच नाही. कुणाला सांगायचीही लाज वाटते. — कॅम्पातले एक वडील

उत्तर : भाऊ, लिहिलंत हे फार बरं केलंत. लाज कसली यात. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला एका शब्दानेही रागावलं नाही. देवदूताने उठवलं, निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, तो परत झोपला तर झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. तू इथं काय करतोस हा प्रश्न कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर. तेव्हा आधी झोप घ्या. आणि शुगर, बीपी, थायरॉइड तपासून घ्या, पंधरा वर्षं रात्रीबेरात्री पळणाऱ्या माणसाचं आधी रक्त तपासावं असं माझं मत आहे.

मग इथ्रो वाचा, निर्गमाचा १८ वा अध्याय. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे ऐकत बसलाय आणि सासरा म्हणतो हे तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. ते दुसरं मला महत्त्वाचं वाटतं, लोकही. तुमच्याशिवाय कुणाला बोलवायचं हे त्या घरांना माहीतच नाही, कारण पंधरा वर्षांत तुमच्याबरोबर दुसरं कुणी दिसलंच नाही. हे जरा कडक वाटेल, पण मी प्रेमाने लिहितेय.

बर्णबाचं बघा. यरुशलेमेत सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, घाबरत होते तेव्हा बर्णबाने हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं, पुढे तार्सापर्यंत जाऊन शोधून अंत्युखियाला आणलं. प्रेषितांच्या कृत्यांत १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला नावं येतात बर्णबा व शौल अशी, आणि तो अध्याय संपायच्या आत पौल व बर्णबा झालेलं असतं. बर्णबाने कुठं तक्रार केल्याचं लिहिलेलं नाही.

आमच्या हॉस्पिटलमध्ये ड्युटी बदलताना हॅन्डओव्हर वहीवर सही करून होत नसे, नव्या सिस्टरला घेऊन एकेका बेडपाशी जायचं, पेशंटला सांगायचं आता या बघतील तुम्हाला, काल रात्री काय झालं, काय खाल्लं नाही, कशाला घाबरतात ते सगळं तिच्या कानावर घालायचं, आणि मग घरी जायचं, खरोखर जायचं. तुम्ही तसंच करा. तरुणांतले दोन निवडा, प्रभूनेही बारांना दोघादोघांनीच पाठवलं होतं. दोन महिने प्रत्येक घरी त्यांना बरोबर न्या, आधी तुम्ही बोला ते ऐकतील, मग ते बोलतील तुम्ही ऐका, आणि तिसऱ्या महिन्यात ते तुमच्याशिवाय जातील. घरातली म्हातारी विचारेल भाऊ का नाही आले, तेव्हा तुम्हाला पळत जावंसं वाटेल. जाऊ नका.

आठवड्यातली एक संध्याकाळ वहिनींची, फोन घरी ठेवून, सारसबागेत भेळ खा नाहीतर नुसते गच्चीत बसा. आणि रोज सकाळी एक स्तोत्र असं वाचा की जे त्या दिवशी कुणालाच सांगायचं नाही, वहिनींनाही नाही. पहिले आठ-दहा दिवस कोरडंच वाटेल. तरी वाचा, आणि महिन्याभराने मला पुन्हा लिहा.